पेशीतला राखणदार आणि एक प्रतिपिंड

मराठी मंडळाच्या अंकात कविता, कथा, पुस्तक परीक्षण असे काही यावे अशी अपेक्षा असते. मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे माझ्याकडून मागितलेला लेखही 'काहीतरी सोपे, आरोग्याविषयी' असावा असे मला सुचवण्यात आले. सोपे लिहिण्याचा प्रयत्न करते. पण विषय मी तोच घेतला आहे ज्यात गेली दोन वर्षे माझे डोके गुंतले आहे: एक प्रतिपिंड, आणि ते ज्याला पकडते ते एक विकर.

आधी शब्दांचे बघू, कारण हे मंडळ शब्दांचे आहे. इंग्रजीत ज्याला अँटीबॉडी म्हणतात त्याला मराठीत प्रतिपिंड म्हणतात. कोविडच्या काळात हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला, तरी आमच्या घरी कुणी तो वापरला नाही. आजीचे म्हणणे, 'पिंड' म्हटले की कावळाच आठवतो. तिचे चुकले असे मला वाटत नाही. पण पिंड म्हणजे देहसुद्धा, आणि 'पिंडी ते ब्रह्मांडी' आपण म्हणतोच. त्या अर्थाने शब्द चांगला आहे. एंझाइमला विकर म्हणायचे की वितंचक, यावर मराठीत एकमत नाही. मी विकर लिहिते, कारण तो छोटा आहे. प्रथिन मात्र सगळ्यांना माहीत आहे. बाकीची नावे जशी प्रयोगशाळेत बोलतात तशीच ठेवते. त्यांचे ओढूनताणून मराठी केले तर तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

आता मूळ गोष्ट. आपल्या प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने सतत तयार होत असतात. तयार होतात तशी ती मोडलीही जातात. काही प्रथिने काही दिवस टिकतात, काही अर्ध्या तासात संपतात. बरीच वर्षे शास्त्रज्ञांचे सगळे लक्ष प्रथिने 'कशी बनतात' याकडे होते. मोडणे म्हणजे काय, कचराच तो, अशी समजूत. पण एक गोष्ट खटकत होती. मोडायला खरे तर ऊर्जा लागू नये, घर पाडायला बांधण्याइतका खर्च कुठे येतो? तरी पेशी प्रथिने मोडताना ऊर्जा खर्च करते असे दिसत होते. म्हणजे हे नुसते मोडणे नव्हते, निवडून मोडणे होते. इस्रायलमधल्या हैफा येथील टेक्निऑन संस्थेचे अव्राम हर्श्को आणि आरॉन चिकानोव्हर, आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाचे अर्विन रोझ, या तिघांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या सुमारास ही निवड कशी होते ते उलगडले. त्यासाठी त्यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

निवड कशी होते हे सांगायला मला पेडणे तालुक्यातलेच उदाहरण सापडते. राष्ट्रीय महामार्ग ६६ चे पत्रादेवीपासून करासवाड्यापर्यंत रुंदीकरण झाले तेव्हाचे आठवा. कुठले झाड जाणार हे आधी ठरायचे, त्यावर रंगाने खूण व्हायची, आणि मग केव्हातरी करवत घेतलेली माणसे यायची. करवतवाल्याला झाड वडाचे की आंब्याचे याच्याशी देणेघेणे नसते. तो फक्त रंग बघतो. पेशीतली करवत म्हणजे प्रोटिॲसोम, एक पिंपासारखे मोठे यंत्र, ज्याच्या पोकळीत प्रथिनाचे तुकडे होतात. आणि रंग म्हणजे युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन. ते जवळपास सगळीकडे सापडते म्हणून त्याला लॅटिनवरून हे 'सर्वत्र' अर्थाचे नाव पडले. एक ठिपका पुरत नाही. साधारणपणे चार किंवा अधिक युबिक्विटिनांची साखळी लागली की प्रोटिॲसोम त्या प्रथिनाला आत ओढतो.

रंग लावायचे काम तीन प्रकारची विकरे मिळून करतात. ई-१ डबा उघडतो, म्हणजे ऊर्जा खर्चून युबिक्विटिनला कामाला तयार करतो. ई-२ ते वाहून आणतो. आणि ई-३ ठरवतो की हा रंग कुठल्या झाडाला लावायचा. माणसात ई-१ दोनच आहेत, ई-२ चाळीसेक, आणि ई-३ सहाशेहून जास्त. आकड्यांवरूनच कळते की खरी अक्कल कुठे आहे. डबा उघडायला दोन माणसे पुरतात. झाड ओळखायला शेकडो लागतात, कारण प्रत्येकाला आपापली झाडे माहीत असतात.

या सहाशेंपैकी एक ई-३ म्हणजे माझे विकर: ई-६-एपी. जनुकाचे नाव यूबीई३ए. वस्तुमान सुमारे १०० किलोडाल्टन (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल). बहुतेक ई-३ नुसते दिशा दाखवतात, हा मात्र युबिक्विटिन आधी स्वतःच्या अंगावर, एका ठरावीक सिस्टीनवर, घेतो आणि मग समोरच्या प्रथिनाला देतो. म्हणजे ब्रश दुसऱ्याच्या हातात न ठेवता स्वतःच्या हातात घेणारा रंगारी.

हे विकर शास्त्रज्ञांना सापडले ते एका विषाणूच्या मागे लागताना. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. बरेच प्रकार चामखिळीपलीकडे काही करत नाहीत. पण १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून जगातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना कारण आहेत. हा संबंध जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला आणि त्यांना २००८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. या विषाणूचे एक प्रथिन आहे ई-६. (या ई-६ चा वरच्या ई-१, ई-२, ई-३ शी काही संबंध नाही. नावे ठेवताना शास्त्रज्ञ आमच्यासारख्या परीक्षार्थींचा विचार करत नाहीत.) हे ई-६ पेशीतल्या कुठल्या तरी प्रथिनाला धरून बसते असे १९९१ मध्ये अमेरिकेत ह्यूब्रेख्ट्स, शेफनर आणि हाउली यांना दिसले. त्या प्रथिनाला त्यांनी 'ई-६ ला लागून असलेले प्रथिन' एवढेच नाव दिले. तेच ई-६-एपी. १९९३ मध्ये कळले की ते साधे प्रथिन नाही, रंगारी आहे, आणि ई-६ त्याचा हात धरून त्याला एका भलत्याच झाडाकडे नेते.

ते झाड म्हणजे पी-५३. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पेशीची वाढ थांबवणे, दुरुस्तीला वेळ देणे, आणि दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावणे ही पी-५३ ची कामे. डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हटले. आम्हा गोव्याच्या माणसांना त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. राखणदार! गावच्या वेशीवर, शेताच्या बांधावर जो असतो, ज्याला आपण वर्षाला राखण देतो, तो. निरोगी पेशीत ई-६-एपी राखणदाराच्या वाटेला जात नाही. पी-५३ ची रोजची पातळी सांभाळायला दुसरेच ई-३ आहे. पण विषाणूचे ई-६ आले की रंगारी राखणदाराच्याच वडाला रंग फासतो, करवत येते, आणि पेशी बिनराखणीची होते. विषाणू स्वतः काहीही कापत नाही. आपल्याच घरची माणसे, आपलाच रंग, आपलीच करवत. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

या विकराची दुसरी बाजूही आहे, ती थोडक्यात सांगते. मेंदूच्या पेशींत यूबीई३एची फक्त आईकडून आलेली प्रत चालू असते, वडिलांची बंद. आईची प्रत बिघडलेली असेल तर मुलाला अँजेलमन सिंड्रोम होतो: बोलणे जवळपास नाही, चाल अडखळती, झटके, आणि चेहऱ्यावर बहुतेक वेळ हसू. हा संबंध १९९७ मध्ये कळला. भारतात हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात या विकरावर बरेच काम झाले आहे. एकच विकर, त्याची चुकीच्या जागी हजेरी लागली तर कर्करोग आणि गैरहजेरी असली तर मेंदूचा आजार.

आता प्रश्न असा की हे सगळे कळते कसे? पेशीत प्रथिने हजारो, आणि सगळी डोळ्यांना न दिसणारी. त्यातले एकच ई-६-एपी किती आहे, कुठे आहे, कमी झाले की वाढले, हे सांगणार कोण? इथे प्रतिपिंड येते.

प्रतिपिंडे आपल्याला नवीन नाहीत. फुरसे चावलेल्या माणसाला इस्पितळात जे औषध टोचतात ते घोड्याची प्रतिपिंडेच असतात. मुंबईच्या परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून सर्पविषावरचे औषध बनवण्याची परंपरा जुनी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष थोडे थोडे, घोड्याला झेपेल इतकेच टोचायचे. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. ती वेगळी करायची. आमच्या डिचोलीच्या बाजूला २०१६ नंतर दोडामार्ग तालुक्यात आणि त्याआधी २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळीत माकडताप आला, तेव्हाही रोग ओळखायच्या चाचण्यांपैकी एक प्रतिपिंडांवरच चालणारी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ती तयार केलेली. रुग्णाच्या रक्तात माकडतापाविरुद्ध ताजी प्रतिपिंडे आहेत का हे ती बघते, आणि ती पकडायलासुद्धा दुसरी प्रतिपिंडेच वापरते.

संशोधनाचे प्रतिपिंड याच तत्त्वावर बनते. फरक इतकाच की ते कुणाला बरे करायला नसते, फक्त ओळखायला असते. ई-६-एपीचा एक तुकडा सशाला टोचतात. सशाला ते परके वाटते, तो प्रतिपिंडे बनवतो. सशाच्या रक्तातून जी मिळतात ती अनेक प्रकारची, एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांना पकडणारी. ससा गेला की तो साठाही संपला. पुढचा ससा तसाच देईल याची हमी नाही. १९७५ मध्ये केंब्रिजला सेझार मिल्स्टाइन आणि गेओर्ग कोलर यांनी यावर तोड काढली. उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा त्यांनी संयोग केला. अशा एका पेशीपासून वाढलेली सगळी पेशीवंशावळ एकच एक प्रतिपिंड देत राहते. १९८४ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले, नील्स येर्ने यांच्यासोबत. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. आज त्यावर उभा असलेला औषधांचा बाजार बघितला तर ही गोष्ट खरी वाटत नाही.

मी सहा आठवडे उन्हाळी प्रशिक्षणाला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होते. तिथे ई-६-एपीच्या प्रतिपिंडाची एक कुपी होती. आत शंभर मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याचे दोन-तीन थेंब. किंमत पस्तीस हजारांच्या वर. उणे वीस अंशाच्या फ्रीजरमध्ये, छोट्या छोट्या वाटण्या करून ठेवलेले. माझ्या मार्गदर्शक ताईंनी कुपी दाखवून सांगितले होते, "ही बाटली काहीही सांगेल. ती खरे सांगते का, हे आपण शोधायचे."

पद्धतीचे नाव वेस्टर्न ब्लॉट. नावामागे एक विनोद आहे. डीएनएसाठीची अशी पद्धत १९७५ मध्ये एडविन सदर्न नावाच्या माणसाने काढली, म्हणून ती सदर्न ब्लॉट. मग आरएनएच्या पद्धतीला लोकांनी गमतीने नॉर्दर्न म्हटले, आणि प्रथिनांच्या पद्धतीला वेस्टर्न. दिशांशी कशाचाही संबंध नाही.

करतात असे. पेशी फोडून त्यातली सगळी प्रथिने एका जेलीसारख्या पातळ थरातून विजेच्या ओढीने पळवायची. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. म्हणजे आकारानुसार रांग लागते. ती रांग मग एका पडद्यावर उतरवायची. पडद्याच्या रिकाम्या जागांवर प्रतिपिंड उगाच चिकटू नये म्हणून त्या आधी भरून टाकायच्या. आणि त्यासाठी वापरतात काय, तर साय काढलेल्या दुधाची पावडर! पाच टक्के, पाण्यात कालवून. इतक्या महागड्या यंत्रांच्या खोलीत तो चहाच्या दुकानासारखा वास मला फार आवडायचा. मग सशाचे प्रतिपिंड घालून पडदा रात्रभर चार अंशांवर हलवत ठेवायचा. सकाळी तीनदा धुवायचा. मग दुसरे प्रतिपिंड: बकरीचे, जे सशाच्या कुठल्याही प्रतिपिंडाला पकडते. त्या बकरीच्या प्रतिपिंडाला एक विकर जोडलेले असते, ते येते मुळ्याच्या कुळातल्या एका तिखट कंदातून. त्याला खाद्य दिले की ते उजेड सोडते आणि तो उजेड कॅमेरा टिपतो. विषाणू माणसाचा, प्रतिपिंड सशाचे, त्यावर बकरी, त्यावर कंद, खाली गाईचे दूध. आपल्या दशावतारात रात्रभर जेवढी सोंगे येऊन जातात तेवढी एका पडद्यावर.

शेवटी कॅमेऱ्यात काळे पट्टे दिसतात. आमच्या पडद्यावर दोन दिसले. एक १०० च्या आसपास, जिथे ई-६-एपी असायला हवे. दुसरा ७० च्या आसपास, तितकाच ठळक.

इथे थांबून विचार करायला हवा. कुपीसोबतच्या कागदावर १०० चा पट्टा छापलेला होता, तेव्हा तोच खरा म्हणून पुढे जाता आले असते. पण १०० च्या जागी दुसरे कुठले प्रथिनही असू शकते. जेलीतली जागा आकार सांगते, नाव सांगत नाही. आणि आकारही कधी कधी खोटा सांगते. पी-५३ हेच बघा. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा जेलीत ते ५३ किलोडाल्टनच्या जागी दिसले म्हणून हे नाव. खरे वस्तुमान ४४ च्या आसपास आहे. त्याच्या घडणीमुळे ते जेलीत हळू सरकते. चुकीच्या मापाचे नाव आता जन्माचे लागले. मग ७० चा पट्टा ई-६-एपीचाच तुटलेला तुकडा असेल का? की भलतेच काही?

ताईंनी चार रकाने लावले होते. पहिल्यात हेला पेशी. या पेशी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ मध्ये, तिला न विचारता घेतलेल्या. त्यांच्यात एचपीव्ही-१८ आहे. दुसऱ्यात त्याच हेला पेशी, पण ई-६-एपी बनू नये म्हणून आरएनएचे आखूड तुकडे घातलेल्या. तिसऱ्यात हेलाच, पण आरएनएचे निरर्थक तुकडे घातलेल्या, म्हणजे नुसत्या घालण्याचा परिणाम कळावा. चौथ्यात विषाणू नसलेल्या वेगळ्या पेशी. आणि चारही रकान्यांत माल सारखा ओतला आहे ना हे बघायला ॲक्टिनचे प्रतिपिंड. डिचोलीच्या बाजारात वजन घेण्याआधी तराजू रिकामा समतोल आहे का बघतात, तसे ते.

दुसऱ्या रकान्यात १०० चा पट्टा फिकट पडून जवळपास दिसेनासा झाला. बाकी तिन्हींत ठळक. ७० चा पट्टा चारही रकान्यांत जसाच्या तसा. ई-६-एपी बनायचे थांबले तरी त्याला फरक पडला नाही, तेव्हा तो ई-६-एपीचा असण्याची शक्यता फारच कमी. हे प्रतिपिंड दुसऱ्याच कुणाला तरी ओळख दाखवत होते. मग आम्ही पडद्याच्या दुसऱ्या भागावर पी-५३ चे प्रतिपिंड टाकले. साध्या हेलात पी-५३ अगदी पुसट, जेमतेम. हेलाच्या पी-५३ चे जनुक शाबूत आहे, प्रथिन तयारही होते, पण टिकत नाही. आणि दुसऱ्या रकान्यात, जिथे रंगारीच नाही, तिथे पी-५३ काळाभोर. राखणदार परत आला होता. पुस्तकात ही गोष्ट मी वाचली होती. दुसऱ्यांनी कित्येकदा दाखवलेली, जुनी गोष्ट. तरी तो पट्टा बघून मी जागची हलले नाही.

पक्के करायला याहून कडक परीक्षा आहे. ज्या पेशीतून यूबीई३ए जनुकच कापून काढले आहे ती घ्यायची, किंवा अँजेलमन सिंड्रोमच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या उंदराचा मेंदू. तिथे पट्टा दिसताच कामा नये. दिसला तर प्रतिपिंड खोटे बोलते आहे. आता विचार करा, प्रतिपिंड पेशीवर टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले असते तर? तिथे १०० आणि ७० वेगळे दिसत नाहीत. दोन्ही मिळून एकच चमक दिसते, आणि 'ई-६-एपी पेशीत इथे इथे आहे' असे सुंदर रंगीत चित्र छापले जाते. अशी चित्रे किती छापली गेली असतील? २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी, आंद्रेआस प्लुकथुन आणि शंभरावर शास्त्रज्ञांनी मिळून लिहिले की नीट न तपासलेल्या प्रतिपिंडांवर एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे ३५ कोटी डॉलर वाया जातात असा त्यांचा अंदाज आहे. आपल्यासारख्या देशात, जिथे पस्तीस हजारांच्या कुपीसाठी महिनोन् महिने मंजुरीची वाट बघतात, तिथे चुकीची कुपी म्हणजे एखाद्याच्या पीएचडीचे वर्ष.

माझ्या पेडण्याच्या मावशीने मला विचारले होते की या एवढ्या उठाठेवीतून बाईमाणसाला काय मिळते. आरोग्य शिबिरात तिची तपासणी झाली होती, शिरक्यासारखे काहीतरी लावून बघितले एवढेच तिला कळले, आणि कशासाठी ते कुणी सांगितले नाही. घरात त्या अवयवाचे नाव कुणी घेत नाही. तिला मी जे सांगितले ते इथे लिहिते.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांचा. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. काही गावांत एकदा एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची पॅप तपासणी, काहींत ते पातळ ॲसिटिक आम्ल लावून बघणे (मावशीचा शिरका तोच), आणि काही गावांत काहीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष आले. काहीच न केलेल्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया गेल्या होत्या; एचपीव्ही चाचणीच्या, थोड्या मोठ्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या तीस हजारांहून अधिक बायकांना तपासणी मिळालीच नाही त्यांच्याविषयी पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता असे माझे मत आहे. आकडे वाचताना मी त्या ६४ वरून पुढे जाऊ शकत नाही.

शिरका मात्र कुचकामी समजू नका. उस्मानाबादेत एकदा लावून मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने आरोग्यसेविकांकडून तीच तपासणी दर दोन वर्षांनी करवली, तेव्हा बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. वारंवार करणे महत्त्वाचे. मावशीला मी हेच सांगितले: एकदा झाली म्हणून सुटलीस असे नाही.

आणि उस्मानाबादच्या त्या एचपीव्ही चाचणीत होते काय? विषाणूचा डीएनए आरएनएच्या तुकड्यांशी जोडायचा, आणि डीएनए-आरएनए अशी मिश्र जोडी तेवढीच ओळखणाऱ्या प्रतिपिंडांनी ती पकडायची. मग दुसरे प्रतिपिंड, त्याला जोडलेले विकर, आणि उजेड. म्हणजे माझ्या पडद्यावरचीच सगळी मंडळी. ते प्रतिपिंड ७० च्या पट्ट्यासारखे भलत्यालाच पकडणारे असते, तर निरोगी बाईला कर्करोगाच्या भीतीत ढकलले असते, किंवा आजारी बाईला 'काही नाही, जा घरी' सांगितले असते.

ई-६ आणि ई-६-एपी यांची गाठ सोडवणारे औषध बनवायचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. ई-६, ई-६-एपीचा तुकडा आणि पी-५३ एकमेकांत कसे अडकतात याची नेमकी रचना २०१६ मध्ये कळली. औषध अजून आलेले नाही. प्रोटिॲसोमची करवतच अडवणारे बोर्टेझोमिब हे औषध २००३ पासून आहे, पण ते मज्जेच्या एका कर्करोगावर. खारघरला टाटा केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये प्रोटिॲसोमच्या भागांवर संशोधन होते, कुणाला पुढे या वाटेने जायचे असेल तर माहिती असू द्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरते आज हातात आहे ते म्हणजे तपासणी आणि लस. पुण्याच्या सीरम संस्थेची भारतीय लसही २०२३ पासून बाजारात आहे.

राहिला आजीचा प्रश्न. हे सगळे मी तिला जेवताना सांगत होते, तेव्हा नोबेल आणि कर्करोग बाजूला ठेवून तिने विचारले, "त्या सशाक मारतत काय गो?" बहुतेक वेळा होय. आणि बकऱ्यांचेही सगळीकडे बरे चालते असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या प्रतिपिंड कंपनीवर बकऱ्या आणि सशांच्या हेळसांडीबद्दल सरकारी कारवाई झाली आणि २०१६ मध्ये तिला ३५ लाख डॉलर दंड भरावा लागला. आता प्रतिपिंडाचा जनुकीय मजकूरच वाचून घेऊन, पेशींच्या बाटलीत ते हवे तेव्हा बनवता येते. प्रत्येक वेळी तेच, अक्षर न् अक्षर सारखे, आणि ससा लागत नाही. युरोपीय संघाच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये अशीच, प्राण्यांशिवायची प्रतिपिंडे वापरावीत अशी शिफारस केली. अशी प्रतिपिंडे महाग पडतात, आणि आपल्या छोट्या प्रयोगशाळा अजून सशाचीच मागवतात. आजीला मी एवढेच सांगितले की बाटलीतले आता येऊ लागले आहे. ती म्हणाली, "मगे तांच घी."